दोन अंशांची ऊब

टेक्सासच्या किनाऱ्यावर जानेवारीत गळ टाकायला जाणारी जाणती माणसं उशिरा निघतात. मे-जूनमध्ये उजाडायच्या आत होडी पाण्यात लोटणारा गृहस्थ थंडीत दहा-अकरा वाजेपर्यंत घरीच कॉफी पीत बसतो. बाहेर गारठा आहे म्हणून नव्हे. गारठ्याची त्याला सवय असते. खाडीच्या तळाचा काळा चिखल उन्हाने जरासा तापावा आणि वरचं वीतभर पाणी दोन अंशांनी वर चढावं, याची तो वाट पाहत असतो. तेवढ्या दोन अंशांवर त्याचा सगळा दिवस ठरतो.

कोकणातल्या माणसाला हे ऐकून गंमत वाटेल. आपल्याकडे हिवाळा म्हणजे ऐन हंगाम. 31 जुलैला पावसाळी बंदी संपते, दर्या हळूहळू निवळतो आणि थंडी पडेपर्यंत बंदरं माशांनी भरलेली असतात. किनाऱ्यालगतचं पाणी जानेवारीतही तेवीस-चोवीस अंशांच्या फारसं खाली जात नाही. थंडी बाधते ती कोळ्याला, माशाला नाही. मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर मात्र मासाच गारठतो, आणि कधीकधी गारठून मरतो.

नकाशावर पाहिलं तर याचं नवल वाटतं. टेक्सासच्या किनाऱ्यावरचं गॅल्व्हेस्टन साधारण दिल्लीच्या अक्षांशावर आहे आणि कॉर्पस क्रिस्टी तर त्याहून दक्षिणेला. मग एवढी थंडी येते कुठून? उत्तर भारताच्या डोक्यावर हिमालय आडवा पसरलेला आहे, तो मध्य आशियातली गोठलेली हवा अडवून धरतो. अमेरिकेच्या मध्यभागी असा पूर्व-पश्चिम डोंगर नाहीच. कॅनडापासून आखातापर्यंत मैदानच मैदान. आर्क्टिककडची थंड हवा सुटली की अडवायला कोणी नसल्याने ती थेट समुद्रापर्यंत उतरते. टेक्सासमध्ये या वाऱ्याला 'नॉर्दर' म्हणतात. सकाळी दमट, उबदार दक्षिणेचा वारा असतो, माणसं अर्ध्या बाहीच्या सदऱ्यात फिरत असतात. दुपारी क्षितिजावर निळसर काळा पट्टा दिसतो आणि बघता बघता तापमान दहा-पंधरा अंशांनी कोसळतं.

त्यात इथल्या खाड्या उथळ. पाद्रे आयलंड हे लांबलचक वाळूचं बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये लगुना माद्रे नावाची खारी खाडी पसरलेली आहे. लांबी सुमारे दोनशे किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम एक मीटर. कित्येक ठिकाणी किनाऱ्यापासून दूरवर माणूस कमरेइतक्या पाण्यात चालत जाऊ शकतो. कपातला चहा बराच वेळ गरम राहतो आणि बशीत ओतला की फुंकर मारण्याआधीच निवतो. लगुना माद्रे ही बशी आहे. बाहेर खुल्या आखाताला ज्या थंडीचं काहीच वाटत नाही, तीच या खाडीचं तापमान एका रात्रीत पार खाली आणते.

इथल्या भरती-ओहोटीची गोष्टही आपल्याला नवी. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, म्हणून आपला कोळी तिथी पाहून निघतो. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमीचा भांग हे त्याचं घड्याळ. टेक्सासच्या खाड्यांत भरती फूट-दीड फुटाची, काही ठिकाणी त्याहूनही किरकोळ. तिथे पाण्याची पातळी चंद्रापेक्षा वाराच जास्त ठरवतो. आठवडाभर दक्षिणेचा वारा वाहिला तर आखातातलं पाणी खाडीत ढकललं जातं आणि किनाऱ्याचं गवत बुडतं. नॉर्दर आला की तोच वारा पाणी खाडीबाहेर हाकलतो. चिखलठाणं उघडी पडतात, कालवांचे खडक डोकं वर काढतात आणि वेळापत्रकात छापलेल्या ओहोटीपेक्षा पाणी कितीतरी खाली जातं. ज्या उथळ जागी काल मासा चरत होता, तिथे आज पाणीच नसतं. त्यामुळे मासा दोन कारणांनी खोल जागी सरकतो, पाणी आटलं म्हणून आणि उरलेलं पाणी थंड झालं म्हणून.

नॉर्दरच्या आदल्या दिवशी मासा वेड्यासारखा खातो आणि वारा फिरल्यावर दोन दिवस तोंड उघडत नाही, असं इथला प्रत्येक गरवणारा सांगतो. कारण विचारलं की तो हवेच्या दाबाकडे बोट दाखवतो: दाब उतरला की मासा खातो, चढला की बंद. अनुभव खोटा नाही, पण कारण मला पटत नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने बदलणं म्हणजे माशाच्या अंगावर सुमारे एक सेंटिमीटर पाण्याचं वजन कमी-जास्त होणं. जोरदार नॉर्दरमध्ये दाब वीस हेक्टोपास्कलने चढला, तरी माशाच्या लेखी तो वीतभर खाली गेल्यासारखंच झालं, आणि एवढं वर-खाली तर तो दिवसातून शंभरदा करतो. वारा फिरताना ऊन, पाण्याचा गढूळपणा, पातळी आणि तापमान हे सगळं एकदम बदलतं. दाबमापकाचा काटा त्यांच्यासोबत हलतो, म्हणून सगळं श्रेय तो घेऊन जातो.

आता मासे कोणते? टेक्सासच्या खाडीत दोन नावांना सर्वांत जास्त मान. एक रेडफिश, तांबूस अंगाचा आणि शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असलेला. दुसरा स्पॉटेड सीट्राउट, पाठीवर काळे ठिपके असलेला चंदेरी शिकारी. नावात ट्राउट असला तरी नदीतल्या ट्राउटशी त्याचं काही नातं नाही. नातं आहे ते आपल्या घोळीशी. रेडफिश, सीट्राउट, घोळ, कोथ, ढोमा हे सगळे एकाच कुळातले. या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात, म्हणून इंग्रजीत यांना 'ड्रम' म्हणतात. घोळीच्या त्याच पिशवीला, म्हणजे बोताला, आपल्याकडे सोन्याचा भाव. 2021च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका नावेला दीडशेहून अधिक घोळी मिळाल्या आणि त्यांचे सव्वा कोटीहून जास्त रुपये झाले, ती बातमी बऱ्याच जणांना आठवत असेल. टेक्सासमधल्या चुलतभावांच्या वाट्याला असं नशीब नाही, कारण तिथे निसर्गात वाढलेले रेडफिश आणि सीट्राउट विकायलाच 1981पासून बंदी आहे. पकडा, नियमात बसत असेल तर घरी नेऊन खा, पण बाजारात नेऊ नका. हॉटेलात मिळणारा रेडफिश तळ्यात वाढवलेला असतो.

तिसरा मासा फ्लोरिडातला आणि दक्षिण टेक्सासमधला: स्नूक. लांबट डोकं, पुढे आलेला खालचा जबडा आणि अंगावरून शेपटीपर्यंत गेलेली काळी रेघ. रायगडच्या माणसाने पाहिला तर त्याला पहिल्यांदा जिताडाच आठवेल, आणि ते बरोबरच आहे; शास्त्रज्ञ हे दोघे बराच काळ एकाच कुळात धरत होते. खारफुटीच्या मुळांत दबा धरून बसण्याची सवयही तीच. स्नूक मुळात उष्ण प्रदेशातला, त्यामुळे थंडी त्याला सर्वांत आधी लागते. पाणी बारा-चौदा अंशांवर आलं की तो खाणं सोडतो आणि आणखी उतरलं की तोल जाऊन कलंडतो.

माशाच्या अंगात आपल्यासारखी शेगडी नसते. भोवतीचं पाणी जेवढं उबदार, तेवढंच त्याचं रक्त. पाणी दहा अंशांनी उतरलं की शरीराचा सगळा कारभार निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. हृदय हळू चालतं, पचन रेंगाळतं. उन्हाळ्यात सीट्राउट सकाळी खाऊन संध्याकाळी पुन्हा भुकेला होतो. थंडीत एकदा पोट भरलं की त्याला पुढची घाई नसते. शिवाय ताटातले पदार्थही बदललेले असतात. कोळंबी थंडीच्या आधीच आखातात निघून गेलेली असते आणि खेकडे चिखलात पुरून बसतात. मागे उरतो तो मुख्यतः बोय, ज्याला आपण काही ठिकाणी शेवटाही म्हणतो. म्हणून मोठा सीट्राउट हिवाळ्यात चार कोळंब्यांमागे धावण्यापेक्षा एक मोठा बोय गिळून पडून राहणं पसंत करतो.

गरवणाऱ्याचं सगळं तंत्र इथून निघतं. आमिष मोठं हवं आणि ते जवळजवळ थांबलेलं हवं. ह्यूस्टनच्या पॉल ब्राउन यांनी बनवलेलं 'कॉर्की' नावाचं कृत्रिम आमिष टेक्सासच्या हिवाळ्यात जवळपास देवाच्या जागी मानतात. मऊ प्लास्टिकचा बोटभर जाड मासा, आत तार. तार जराशी वाकवली की आमिष वर राहतं किंवा सावकाश बुडतं, हवं तसं. फेकायचं, दोन हलके झटके द्यायचे आणि मग काहीच करायचं नाही. दोरी सैल सोडून मनात दहा आकडे मोजायचे. नवख्याचा हात पाचालाच वळवळतो आणि तो आमिष ओढून घेतो. गारठलेला मासा आमिषाशेजारी येऊन नुसता पाहत थांबलेला असतो. ते निसटलं की त्याच्यामागे धावायची त्याच्यात ताकद नसते. खातो तेव्हाही हिसका नसतो. दोरी नुसती जड झाल्यासारखी वाटते, ओलं गवत अडकल्यागत. ते 'गवत' ज्याला ओळखता येतं त्याला मासा मिळतो.

असा गरवणारा बहुधा होडीत नसतो, पाण्यात उभा असतो. छातीपर्यंत येणारा जाड रबरी पोशाख, त्यावर कंबरेला घट्ट पट्टा. पट्टा शोभेसाठी नाही: तोल जाऊन पडलं आणि पोशाखात बर्फासारखं पाणी शिरलं तर पाय उचलणं मुश्किल होतं. या खेळाची पंढरी म्हणजे लगुना माद्रेला लागलेला बॅफिन बे. ध्रुवाजवळच्या गोठलेल्या उपसागराचं नाव या उष्ण प्रदेशातल्या खाडीला मिळालं, हा विनोदच. हिच्यात मोठी नदी येऊन मिळत नाही, त्यामुळे पाणी पुष्कळदा समुद्राहूनही खारट होतं. तळावर नळीत राहणाऱ्या किड्यांनी फार पूर्वी बांधलेले चुनखडीचे खडक आहेत. होडीचा तळ फाडणारे आणि माशांना आसरा देणारे.

आता त्या दोन अंशांकडे येऊ. नॉर्दर ओसरल्यावर आकाश लख्ख होतं. रात्री थंडी कडक, दिवसा ऊन स्वच्छ. हिवाळ्यात पाण्यातलं शेवाळ आणि सूक्ष्म जीव कमी झालेले असल्याने पाणी काचेसारखं असतं आणि ऊन थेट तळाला भिडतं. पांढरी वाळू ते परतवून लावते, काळा चिखल शोषून घेतो. म्हणून दुपारी दोन-तीनच्या सुमाराला चिखलाच्या पट्ट्यावरचं पाणी शेजारच्या वाळूवरच्या पाण्याहून दोनेक अंशांनी उबदार झालेलं असतं. आधी बोय येतात आणि त्यांच्यामागून रात्रभर नाळेत, म्हणजे खाडीतल्या खोल प्रवाहमार्गात, पडून राहिलेले मासे वर सरकतात. पट्टा नाळेला लागून हवा. मासा थंडीत लांबचा प्रवास करत नाही. चार वाजून गेले की ऊन कलतं आणि दुकान बंद. उन्हाळ्यात इथे लोक माशांचे थवे आणि पक्षी शोधतात. जानेवारीत हातातला थर्मामीटर पाण्यात बुडवत फिरणारा माणूस दिसला तर तो खुळा नाही, असं समजावं.

खोल जागा उबदार का राहते, याबद्दल एक गैरसमज आहे. गोड्या पाण्याच्या तलावात चार अंशांचं पाणी सर्वांत जड असतं, ते तळाला बसतं आणि वर बर्फ झाला तरी खाली मासा जगतो. हे आपण शाळेत शिकलो. समुद्राच्या पाण्याला हा नियम लागू नाही. पुरेसं खारट पाणी गोठेपर्यंत जडच होत जातं, म्हणजे थंड झालेलं पाणी तळाशी उतरतं. तरीही नाळ उबदार राहते, ती निव्वळ खोलीमुळे: पाण्याचा साठा मोठा, थंड हवेला लागणारा पृष्ठभाग त्या मानाने लहान, म्हणून उष्णता सावकाश जाते. ही ठेव काही दिवस पुरते. थंडी दोन दिवसांत सरली तर मासा वाचतो. पाच-सहा दिवस मुक्काम ठोकून बसली तर नाळही निवते.

एक मासा मात्र या सगळ्या हिशेबाला जुमानत नाही. धक्क्याच्या खांबांशी आणि बंदराच्या तोंडावरच्या ग्रॅनाइटच्या बांधांशी ऐन थंडीत शीप्सहेड मासे जमतात. हिवाळ्याच्या अखेरीस त्यांचा अंडी घालायचा काळ येतो. काळे-पांढरे उभे पट्टे, आणि तोंड उघडलं की माणसासारखे दात: पुढे चौकोनी पटाशीचे आणि मागे दाढांच्या रांगा. खांबांना चिकटलेली बार्नॅकलची कवचं तो कुरतडून काढतो आणि दाढांनी फोडतो. गरवणारे कधीकधी फावड्याने खांब खरवडून कवचांचा चुरा पाण्यात सोडतात, की माशांची पंगत जमते. गरी लहान आणि जाड तारेची, तिला एका मोठ्या नांगीचा चिखलातला छोटा खेकडा अडकवलेला, आणि शिसं अगदी थोडं. खेकडा खांबाला घासून खाली सोडायचा. शीप्सहेड तो इतक्या अलगद फोडून खातो की वर काही कळतच नाही. दोरी गुंडाळल्यावर गरीवर नुसतं रिकामं कवच. म्हणून तिथले म्हातारे सांगतात, मासा लागण्याच्या क्षणभर आधी गळ मारायचा. कसं, हे कोणी सांगत नाही.

गरवणाऱ्याला मासा कुठे गोळा होतो हे कळतं, म्हणूनच कडाक्याच्या थंडीत तो सर्वांत धोक्याचा ठरतो. पाणी सात अंशांच्या खाली गेलं की सीट्राउट संकटात येतो. रक्तातल्या क्षारांचं संतुलन राखणारी यंत्रणा मंदावते, स्नायू ऐकत नाहीत आणि मासा आडवा होतो. थंडी सावकाश आली तर शरीर थोडंफार जुळवून घेतं. एका रात्रीत आली तर त्याला तेवढाही वेळ मिळत नाही. डिसेंबर 1983च्या थंडीच्या लाटेत टेक्सासच्या किनाऱ्यावर सुमारे 1 कोटी 44 लाख मासे मेले, असा तिथल्या राज्याच्या वन्यजीव खात्याचा अंदाज आहे. फेब्रुवारी 1989मध्ये 1 कोटी 13 लाख, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सुमारे 60 लाख. फेब्रुवारी 2021मध्ये राज्यभर वीज गेली आणि टेक्सासची माणसं घरात गारठून बसली, तेव्हा खाडीत किमान 38 लाख मासे मेले. सर्वांत मोठा फटका लगुना माद्रेला बसला. त्याच आठवड्यात साउथ पाद्रे आयलंडच्या सभागृहात हजारो बधिर समुद्री कासवं जमिनीवर रांगेने ठेवली होती. त्यांना उचलून आणणारी माणसं स्वतः विजेविना दिवस काढत होती.

अशा वेळी मोजणीही लगेच होत नाही. थंड पाण्यात मेलेला मासा आधी बुडतो. कुजण्याने पोटात वायू धरायला ऊब लागते, म्हणून पाणी तापल्यावर काही दिवसांनी मेलेले मासे वर तरंगू लागतात. लाट ओसरल्यावर पहिल्या दिवशी किनारा पाहून हायसं वाटलेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात धक्का बसतो.

यावर टेक्सासने एक सरळ उपाय काढला. कडक थंडीचा अंदाज आला की मासे जिथे आसऱ्याला येतात अशा ठराविक खोल जागा, उदाहरणार्थ मॅटागोर्डा बेटालगतचा 'आर्मी होल' किंवा पोर्ट मॅन्सफिल्डचं बंदर, काही दिवस मासेमारीला बंद करायच्या. जानेवारी 2024मध्ये हे झालं. लगुना माद्रेतून जाणाऱ्या मालवाहू बार्जवालेही अशा वेळी स्वखुशीने वाहतूक थांबवतात, कारण नाळेच्या तळाशी निपचित पडलेल्या माशांना बार्जच्या पंख्यांपासून पळता येत नाही. फ्लोरिडात जानेवारी 2010च्या थंडीने स्नूक एवढे मेले की ते ठेवून घेण्यावरच बंदी आली. आखाताच्या बाजूला ती सप्टेंबर 2013पर्यंत टिकली.

2021च्या थंडीनंतर टेक्सासमध्ये किती आणि किती इंचांचे मासे ठेवावेत यावर वाद सुरू झाला. आधी माणशी दिवसाला पाच सीट्राउट ठेवता येत. लाटेनंतर लगुना माद्रेत ही संख्या तीनवर आणली, तीही 17 ते 23 इंचांदरम्यानच्या माशांची, म्हणजे मोठा मासा पाण्यातच राहील. ही तात्पुरती सोय ऑगस्ट 2023मध्ये संपली. मग मार्च 2024पासून संपूर्ण किनाऱ्याला कायमचा नियम लागला: तीन मासे, 15 ते 20 इंच. मार्गदर्शक होडीवाल्यांची गिऱ्हाइकं यावर कुरकुरली. एवढा खर्च करून यायचं आणि तळणीला तीनच? मला खात्याचं म्हणणं पटतं. सीट्राउटच्या मोठ्या माद्या एका हंगामात अनेकदा अंडी घालतात आणि मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. लाटेनंतर खाडी पुन्हा भरते ती त्यांच्यामुळे. आणि हिवाळ्यात दहा आकडे मोजत उभ्या राहणाऱ्याच्या गळाला लागते तीही नेमकी हीच मादी. 28 इंचांवरची एखादी ठेवायचीच असेल, तर त्यासाठी परवान्यासोबत मिळणारा टॅग वापरावा लागतो.